धनुष्याचा ध आणि पाथरवटाची टाकी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी भाचीच्या टेबलासमोर अक्षरांचा तक्ता टांगलेला आहे. परवा तिने त्यातल्या एका चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मामा, हा ध धनुष्याचा, मग धनुष्यासारखा का नाही दिसत?"

मी पाटीवर एक उभी रेघ काढली आणि तिची दोन्ही टोकं जोडणारी एक कमान. झालं दोरी चढवलेलं धनुष्य! सुमारे 2200 वर्षांपूर्वी ध असाच लिहीत. अशोकाच्या लेखांतली ब्राह्मी ती हीच. आपल्या ग्वाल्हेरशेजारच्या दतिया जिल्ह्यात, गुजर्राच्या खडकावर याच लिपीत लेख कोरलेला आहे, आणि राजाचं 'अशोक' हे नाव ज्यांत आलं आहे अशा मोजक्या लेखांपैकी तो एक आहे.

भाची खूश झाली. मला मात्र रात्री चुटपुट लागून राहिली, कारण मी तिला अर्धीच गोष्ट सांगितली होती.

अक्षरं म्हणजे जुन्या अवजारांची चित्रं, ही कल्पना 1877 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ब्राह्मीला लावून पाहिली. हे तेव्हा भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. त्याआधी, 1844-45 मध्ये, ते इथे ग्वाल्हेरात इंजिनिअर होते. त्यांच्या मते ध म्हणजे धनु, र म्हणजे रज्जू, य म्हणजे यव, ख म्हणजे खणायचं अवजार, व म्हणजे वीणा. वस्तूचं चित्र काढायचं आणि तिच्या नावातला पहिला ध्वनी घ्यायचा. वाचताना मोह पडतो. शेतकरी, सुतार, धनुर्धर असे सगळे आपापली हत्यारं घेऊन वर्णमालेत येऊन बसल्यासारखे वाटतात.

पण ध पासून धेनू, धान्य, धारा, धूप आणि ध्वजही सुरू होतात. आकार आधीच ठरलेला असेल तर त्याला जुळणारा एखादा शब्द कुठल्याही भाषेत सापडतोच. भिंतीवरचा तक्ता नेमकं हेच करतो: अक्षर आधी, शब्द नंतर. म्हणून नुसतं साम्य पुरत नाही, दुसरा पुरावा लागतो.

असा पुरावा एका ठिकाणी खरोखर आहे. सिनाईच्या वाळवंटात सेराबित अल-खादिम इथे प्राचीन इजिप्तच्या पिरोजाच्या खाणी होत्या. 1905 मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना तिथे ओबडधोबड चिन्हांचे काही लेख मिळाले. ते साडेतीन हजार वर्षांहून जुने आहेत. इजिप्तच्या चित्रलिपीशी त्यांचं साम्य होतं, पण त्या लिपीप्रमाणे ते वाचता येत नव्हते. 1916 मध्ये ॲलन गार्डिनर यांनी त्यांत पुन्हापुन्हा येणारी चार चिन्हं हेरली: घर, डोळा, पराणी, फुली. खाणीत राबणाऱ्यांपैकी बरेच जण सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातली, भाषा बोलणारे होते. त्यांच्या भाषेत घर म्हणजे बेत, डोळा म्हणजे ऐन. प्रत्येक नावाचा पहिला ध्वनी घेतला की शब्द होतो 'बालत', म्हणजे स्वामिनी. तिथल्याच एका छोट्या स्फिंक्सच्या मूर्तीवर ही चिन्हं आहेत आणि सोबत इजिप्तच्या लिपीत हाथोर देवीचं नावही आहे. खाणीजवळ तिचंच देऊळ होतं.

इथे चित्र आहे, नाव आहे आणि मधले टप्पेही आहेत. बैलाचं डोकं 'आलेफ' फिनिशियन लिपीत आडवं झालं आणि ग्रीकांकडे जाऊन उलटं उभं राहिलं. तोच आजचा रोमन ए. बैल हाकायची पराणी म्हणजे 'लामेद', तिचा झाला एल. हिब्रूत पराणीला 'मलमद' म्हणतात आणि त्याच धातूपासून शिकणं, शिकवणं हे शब्द होतात. खुंटी किंवा आकडा म्हणजे 'वाव'; रोमन एफ, यू, व्ही, डब्ल्यू आणि वाय हा सगळा तिचाच वंश. ग्रीकांना आल्फा, बीटा या नावांचा अर्थ ठाऊक नव्हता, तरी त्यांनी नावं जपली. अक्षरं बाहेरून आली याची याहून चांगली साक्ष कोणती?

ब्राह्मीत अशी नावंच नाहीत. क म्हणजे क आणि ख म्हणजे ख. आपली वर्णमाला लावली आहे ती तोंडातल्या जागांप्रमाणे: कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. ती ध्वनींचा बारकाईने विचार करणाऱ्यांची रचना आहे, अवजारांच्या यादीची नव्हे. 1890च्या दशकात गेओर्ग ब्यूलर यांनी तर ब्राह्मीतला ध थेट सेमिटिक 'दालेत'शी जोडला. दालेत म्हणजे दार. ते खरं असेल तर माझ्या पाटीवरचं धनुष्य मुळात दार ठरतं, आणि आपला ध रोमन डीचा चुलतभाऊ. ब्राह्मीच्या उगमावर अजून एकमत नाही. मला स्वतःला ब्यूलर यांची बाजू कनिंगहॅम यांच्यापेक्षा भक्कम वाटते, पण ती संपूर्ण वर्णमालेला पुरत नाही.

मग कारागीर कुठे सापडतो? अक्षराच्या अर्थात नाही, त्याच्या वळणात सापडतो. अशोकाच्या काळातल्या रेषा सगळीकडे सारख्या जाडीच्या आहेत. पुढच्या शतकांत कोरीव अक्षरांच्या माथ्यावर जाड ठिपका किंवा पाचर दिसू लागते. शाई भरलेली लेखणी टेकवली की असाच ठसा उमटतो. दगडावर टाकी चालत होती, पण अक्षरांचं वळण लेखणीने घडवलं होतं. ही पाचर लांबत गेली आणि तिची शिरोरेषा झाली. बोरूची तिरकी कापलेली जीभ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक उमटते. देवनागरीचं जाड-बारीक रूप त्या कापातून आलं.

रोमन अक्षरांबाबत एडवर्ड कॅटिच यांनी हेच दाखवलं. ते धर्मगुरू होते आणि त्याआधी पाट्या रंगवत. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावरचा लेख त्यांनी जवळून तपासला. अक्षरांच्या टोकांचे पसरट पाय छिन्नीमुळे आले असं सगळे मानत असताना, ते आधी ब्रशने रंगवलेल्या अक्षरांतून आले, असं त्यांनी मांडलं. पाट्या रंगवलेल्या हातालाच हे दिसलं असणार.

आपल्या शब्दांतही हा हात शिल्लक आहे. लिख् या धातूचा मूळ अर्थ खरवडणं. ग्रंथ म्हणजे गाठ मारून बांधलेली पानं. टंक म्हणजे पाथरवटाची टाकी, आणि टंकलेखन हा शब्द आपण संगणकापर्यंत आणला आहे.

गेल्या महिन्यात घराच्या नावाची पाटी करायला मी इथल्या एका दगड घडवणाऱ्याकडे गेलो होतो. त्याने गेरूत बुडवलेलं सूत दगडावर ताणून धरलं आणि चिमटीने उचलून सोडलं. लाल रेघ उमटली. ती शिरोरेषा. मग त्याने ब्रशने तिच्याखाली अक्षरं लिहिली आणि त्यानंतरच छैनी उचलली. "पहले लिखो, फिर काटो," तो म्हणाला. मोडी लिहिणारे कारकूनही आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेत आणि मग त्यांना अक्षरं टांगत. आमच्या पाटीवर एक ध आहे. त्याच्या वरच्या घुंडीला पाथरवटाला सर्वांत जास्त वेळ लागला. सरळ दांडा दहा-बारा घावांत उतरला. घुंडीसाठी मात्र तो बारीक छैनी घेऊन, दगडाला जवळजवळ नाक लावून, बराच वेळ टिचक्या मारत होता.