गिरणीच्या फाटकावर कोण उभं? जॉबर ते एचआर

२१ नोव्हेंबर २०२५ला देशात चार श्रम संहिता, म्हणजे कामगारांविषयीचे नवे एकत्रित कायदे, लागू झाल्या आणि कंपन्यांच्या एचआर विभागांत, म्हणजे माणसं नेमणाऱ्या-सांभाळणाऱ्या विभागांत, नेमणूकपत्रांचे नमुने बदलायची धावपळ सुरू झाली. कायदा हलला की एचआरची कपाटं उचकायची, ही रीत जुनीच. मुळात हा विभाग कुणा मालकाला सुचला म्हणून जन्मला नाही. मंदी, संप, कायदा अशा बाहेरच्या धक्क्यांनी तो एकेक टेबल करत वाढला. मुंबईच्या कापडगिरण्यांत हे लख्ख दिसतं.

कावसजी दावर यांची गिरणी १८५६मध्ये ताडदेवला सुरू झाली. त्यामागून एकेक गिरणी उभी राहत गिरणगाव वसलं, पण माणसं नेमायला कचेरीत कुणी साहेब नव्हता. ते काम जॉबरचं. खात्यातली यंत्रं चालू ठेवायची, कामगारांकडून काम काढून घ्यायचं आणि सकाळी भोंगा झाला की फाटकावर उभं राहून आज कोण आत जाईल ते ठरवायचं. रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची आपल्या गावची, भावकीतली माणसं तोच आणी. खोलीत पथारीपुरती जागा मिळवून देई, अडीनडीला उसने पैसे देई आणि बदल्यात दस्तुरी, म्हणजे आपला हप्ता, घेई. बायकांच्या खात्यात हीच सत्ता नायकिणीच्या हाती असे.

पुढे सुधारकांनी जॉबरला सगळ्या दुखण्याचं मूळ ठरवलं. मला मात्र तो मालकांनी आपली जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालायला शोधलेला स्वस्त उपाय वाटतो. मुंबईचं सूत तेव्हा मोठ्या प्रमाणावर चीनला जाई. तिकडची मागणी, इकडचा कापसाचा भाव आणि पाऊसपाणी, यांतलं काहीच मालकाच्या हातात नव्हतं. मग कायमची माणसं पोसायची कशाला? मागणी असेल तेवढे दिवस माणूस घ्यायचा, नसेल तेव्हा फाटकावरूनच परत पाठवायचा. ‘बदली’ कामगार निघाला तो असा. कुणी खाडा केला तर त्याच्या जागी उभं राहायचं, नाहीतर घरी जायचं.

कामगार सोडून जाऊ नये म्हणून गिरण्या पगार महिनाभर मागे ठेवत. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला आणि ही पकड सुटली. माणसं जीव घेऊन गावाकडे पळाली, यंत्रं थंड पडू लागली. तेव्हा गिरण्यांनी रोजच्या रोज रोख मजुरी दिली, नाक्यांवर कामगारांसाठी चढाओढीने बोली लावल्या. साथ ओसरल्यावर पगार पुन्हा मागे ठेवला जाऊ लागला. मजूर दुर्मीळ झाला की नियम बदलतात आणि मुबलक झाला की पूर्वपदावर येतात, हे एवढ्या थोडक्या काळात क्वचितच दिसलं असेल. त्याउलट १० जून १८९०ला कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून मिळालेली रविवारची सुट्टी टिकली, कारण तिच्यामागे संघटना होती.

पहिल्या महायुद्धानंतरचा धक्का मोठा होता. जपानी कापड बाजारात आलं, मंदी आली आणि गिरण्यांनी खर्च कापायला घेतला. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, कातणाऱ्यानेही जास्त काम ओढायचं. त्यातून एप्रिल १९२८मध्ये संप उठला. सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले. जॉबर इथेच उघडा पडला. एका मागाच्या मागे चार माणसं आणणं त्याला जमत होतं; दोन माणसांचं काम एकाच्या गळी उतरवणं नाही. त्यातून युनियन आता त्याला वळसा घालून कामगाराशी थेट बोलू लागली होती.

१९२९मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१च्या अहवालात भरती जॉबरच्या हातून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यायची शिफारस केली. मालकांनी ती लगेच मनावर घेतली असं नाही. १९३४मध्ये पुन्हा संप झाला, मग मुंबई सरकारने कायदा करून सरकारी लेबर ऑफिसर नेमला. तो कामगारांची बाजू मांडणार म्हटल्यावर मालक संघालाही आपला माणूस नेमणं भाग पडलं. १९३५मध्ये बदली कार्ड आलं. ठरावीक बदली कामगारांना कार्ड द्यायचं, रोज सकाळी आधी त्यांच्यातूनच जागा भरायच्या. जॉबरची यादी अशी पहिल्यांदा कागदावर उतरली.

या नव्या टेबलावर बसायला माणसं हवी होती. १९३६मध्ये नागपाड्याला समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४८च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी सक्तीचा केला आणि अशा शिक्षितांना नोकऱ्यांचा रस्ताच खुला झाला. त्याआधी, १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, असं ठरवलं होतं. बोलायचं कुणाशी हेही कायदाच सांगणार म्हटल्यावर पर्सोनेल मॅनेजर, म्हणजे कारखान्यात माणसांचा कारभार बघणारा अधिकारी, अर्धा वकील झाला. उद्योगाला सरकारी परवाना लागे त्या काळात स्पर्धा कमी होती, त्यामुळे त्याचं यश कामाच्या दर्जावर नव्हे, तर तंटा किती दिवसांत मिटवला यावर मोजलं जाई. १९७५मध्ये लार्सन अँड टुब्रोने माणसांच्या विकासासाठी वेगळा विभाग काढला, तेव्हा ते नवलच होतं.

एकाच शहरात काही उद्योग भरभराटीत आणि काही अडचणीत असले की काय होतं, ते १९८२च्या गिरणी संपाने दाखवलं. औषधं आणि इंजिनिअरिंगच्या कंपन्यांत कामगार नेते दत्ता सामंतांनी पगारवाढीचे घसघशीत करार करून दिले होते. गिरणी कामगार ते पाहत होता, पण त्याच्या गिरणीची स्पर्धा भिवंडीच्या यंत्रमागाशी होती आणि गोदामात माल पडून होता. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही. १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटणं हेच अनेक कारखान्यांत पर्सोनेलचं मुख्य काम होऊन बसलं. दारावरची पाटीही त्याच सुमारास ‘एचआर’ अशी बदलत गेली.

आज चाकणच्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीला फाटकावर कंत्राटदाराचा सुपरवायझर उभा असतो. मुलं तोच गावाकडून आणतो, खोली तोच बघून देतो, पगारातून कापतोही तोच. आत कंपनीचा एचआर आपल्या कायम माणसांचं मूल्यांकन करत असतो. नव्या संहितांनी कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशेवर आणली. कारखाना बंद करायला किंवा कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागते, ती मर्यादा मात्र शंभरावरून तीनशेवर नेली.