बाणगंगेचं पाणी गोडं का?

मुंबईत वाळकेश्वरला बाणगंगा तलावाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समुद्र दिसत नाही, पण वाऱ्याला त्याचा वास असतो. घरांच्या एक-दोन ओळी ओलांडल्या की लगेच खडक आणि लाटा. इतक्या जवळ असूनही तळ्याचं पाणी खारं नाही. शिलाहारांच्या काळात, ११२७ साली, लक्ष्मण प्रभू नावाच्या मंत्र्याने हे तळं बांधलं असं सांगितलं जातं. पुढे १७१५मध्ये रामा कामती यांनी इथल्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षं समुद्राच्या शेजारी गोडं पाणी टिकून आहे.

श्रीरामाने बाण मारला आणि पाताळगंगा वर आली, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कथेत एक अचूक निरीक्षण दडलेलं आहे, ते म्हणजे इथलं पाणी खालून येतं. तळ्यात आभाळातून पडतं किंवा गटारातून वाहून येतं, तेवढंच पाणी असतं ही आपली आजची समजूत झाली आहे. ज्यांनी ही कथा सांगितली त्यांना ठाऊक होतं की जमिनीखाली पाणी चालतं, आणि योग्य जागी खणलं तर ते उघड्यावर येतं.

मलबार हिल ही बेसॉल्टची, म्हणजे काळ्या कातळाची टेकडी. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातला काही भाग खडकाच्या भेगांमधून, सांध्यांमधून खाली मुरतो आणि उताराच्या दिशेने हळूहळू समुद्राकडे सरकतो. हा गोड्या पाण्याचा रेटा खाऱ्या पाण्याला मागे ठेवतो. बाणगंगा या वाटेवर, टेकडीच्या पायथ्याशी आहे.

जमिनीखाली गोडं आणि खारं पाणी सहजी मिसळत नाही. समुद्राचं पाणी क्षारांमुळे थोडं जड असतं. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राची साधारण १.०२५. ताकावर लोण्याचा गोळा तरंगतो तेव्हा त्याचा थोडाच भाग वर दिसतो आणि बाकीचा बुडालेला असतो, तसंच किनाऱ्यावरचं गोडं भूजल खाऱ्या भूजलावर तरंगत असतं. एकोणिसावं शतक संपता संपता नेदरलँड्सचे गायबेन आणि जर्मनीचे हर्ट्झबर्ग यांनी स्वतंत्रपणे याचं गणित मांडलं. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. बेसॉल्टमध्ये पाणी भेगाभेगांतून जातं, म्हणून तिथे हे प्रमाण काटेकोर लागू पडत नाही. वाळूच्या किनाऱ्यावर ते चांगलं जुळतं.

याच गणिताची दुसरी बाजू किनाऱ्यावरच्या बागायतदाराला अनुभवाने ठाऊक असते. मोटार लावून पातळी १ मीटरने खाली नेली, तर खालचं खारं पाणी कालांतराने ४० मीटर वर सरकू शकतं. विहीर एकदा मचूळ झाली की एखाद्या चांगल्या पावसाने ती सुधारेलच असं नाही, त्याला कित्येक पावसाळे जातात. देवळापुढचं तळं भरलेलं असणं म्हणजे त्या वस्तीतल्या भूजलाची पातळी वर राखली जाणं, आणि ती पातळीच समुद्राला अडवून धरते. म्हणून एखादं तळं बुजवलं की नुकसान त्या आवारापुरतं राहत नाही.

मुंबईने अशी तळी भराभर बुजवली. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही आज रस्त्यांची आणि बसथांब्यांची नावं आहेत. मुंबादेवीच्या देवळापुढेही तळं होतं. विहारचं पाणी १८६० साली नळातून शहरात आलं, मग १८७९मध्ये तुळशी आणि १८९२मध्ये तानसा. पाणी घरात येऊ लागल्यावर तळ्याचा गाळ काढणं, पायऱ्या घासणं, काठावर कुणाला घाण करू न देणं, ही कामं कुणाचीच राहिली नाहीत.

पण बुजवणाऱ्यांना नुसतं दूषण देणं अन्यायाचं होईल. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला, तेव्हा शहरात हिवतापाने माणसं मरत होती. त्याला कारण असलेला अॅनोफिलिस स्टीफेन्सी हा डास गटारात वाढत नाही, त्याला विहिरी-टाक्यांचं स्वच्छ, स्थिर पाणी लागतं. नारूचा, म्हणजे पायातून लांब जंत बाहेर येणाऱ्या रोगाचा, इतिहासही असाच. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागर भरायचा, जखमेतून अळ्या पाण्यात जायच्या, सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जीव त्या गिळायचा आणि तेच पाणी दुसऱ्याच्या पोटात जायचं. या रोगावर लस नव्हती. पाणी गाळून पिणं आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून वरून शेंदायच्या विहिरी करणं, अशा उपायांनी तो हटला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. जुन्या तळ्यांबद्दल मला मनापासून आस्था आहे, पण त्यांचं पुनरुज्जीवन या इतिहासाला वगळून करता येणार नाही. तळ्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे हवेत आणि पिण्याच्या पाण्याची सोय वेगळी हवी.

तळं बुजवलं म्हणून त्याच्याकडे येणारं पाणी थांबत नाही. ते वाट शोधतं. जुन्या तळ्यावर किंवा त्याच्या उतारावर तळघर खोदलं की भिंतींना ओल येते, मग पंप लागतो आणि दिवसरात्र उपसलेलं ते पाणी पावसाळी गटारातून समुद्रात जातं. त्याच वेळी आपण भातशासारख्या, शंभरेक किलोमीटर दूरच्या धरणातून पाणी आणत असतो. शहराचं हरवलेलं पाणी शोधायचं तर सुरुवात जुन्या नकाशांपासून आणि या पंपांपासून करावी. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ साली खणलेली आहे, समुद्र तिथूनही दूर नाही, आणि तिचं पाणी आजही गोडं आहे.

उत्तर कोकणातलं याहून शिकवणारं उदाहरण वसईचं आहे. तिथल्या वाड्यांमध्ये बावखलं असतात, म्हणजे केळी-भाजीच्या शिंपणासाठी खणलेली, उतरत्या काठांची तळी. पावसाळ्यात ती भरतात आणि त्यांचं पाणी वाळूत मुरून आजूबाजूच्या विहिरींना मिळतं. टँकरवाल्यांनी बेसुमार उपसा सुरू केला आणि बिल्डरांच्या भरावाखाली बावखलं जाऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. आता तिथल्या काही गावांत लोक स्वतःच बावखलं साफ करू लागले आहेत. वसईजवळ निर्मळचं तळंही याच जमिनीवर आहे, आणि देवाचं तळं आणि वाडीतलं बावखल भूजलाच्या लेखी एकच काम करतात.

दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात गेलं की जमीन बदलते. वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट माळ, त्याखाली पांढरट-पिवळसर चिकणमाती आणि तिच्याखाली काळा कातळ. जांभ्यात छिद्रंच छिद्रं, म्हणून पाऊस सहज आत शिरतो. चिकणमाती त्याला खाली जाऊ देत नाही, मग ते पाणी आडवं सरकतं आणि जिथे डोंगराचा उतार हा थर कापतो तिथे झरा फुटतो. गावाचं देऊळ, त्याची देवराहाटी (देवराई) आणि टाकं बहुतेकदा याच रेषेवर असतं. एप्रिलमध्ये अशा एखाद्या टाक्यात उतरून पाण्यालगतच्या भिंतीकडे नीट बघावं. वरचे चिरे कोरडे, तांबडे आणि खडबडीत असतात. त्यांच्याखाली एक ओली रेघ सुरू होते, तिथे बोट लावलं तर गुळगुळीत माती लागते, आणि नेमक्या त्या रेघेवर हंसराज या नेच्याची कोवळी पानं आलेली असतात. थेंब सुटतो तो तिथूनच. टाकं किती खोल खणायचं हे त्या कारागिरांनी या रेघेवरून ठरवलं.

पायऱ्यांनाही काम होतं. जांभ्यात पाणी जितक्या लवकर शिरतं तितक्याच लवकर निसटतं, त्यामुळे दिवाळी ते मे या काळात पातळी कित्येक मीटर खाली जाते. पाण्याच्या मागे मागे उतरता यावं म्हणून पायऱ्या. शिवाय पाणी यंदा कितव्या पायरीवर आहे हे बघून गावाला उन्हाळ्याचा अंदाज यायचा. सिंधुदुर्गातला धामापूरचा तलाव १५३०मध्ये विजयनगरच्या मांडलिक नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या मदतीने बांधला. काठावर भगवतीचं देऊळ आहे, आणि २०२०मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला.

आता पुनरुज्जीवनाच्या नावाखाली जे चालतं त्याबद्दल. तळाला काँक्रीट, चहूबाजूंनी सिमेंटची भिंत, मधोमध कारंजं आणि भोवती पेव्हर ब्लॉक, एवढं झालं की फीत कापली जाते. अशा तळ्याचं जमिनीशी नातं संपतं, ते टँकरच्या पाण्यावर जगतं आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात हिरवं पडतं. गाळ काढतानाही जागा ओळखावी लागते. बाणगंगेसारख्या कातळातल्या तळ्यात गाळ काढला की बुजलेली झऱ्यांची तोंडं मोकळी होतात. जांभ्याच्या प्रदेशात मात्र खालची चिकणमातीच पाणी धरून ठेवत असते. एका दुपारी जेसीबी त्या थरातून आरपार गेला की पुढल्या पावसाचं पाणी टाक्यात थांबणार नाही. बाणगंगेतही २०२४च्या जूनमध्ये गाळ काढण्यासाठी यंत्र थेट पायऱ्यांवरून उतरवलं गेलं आणि जुने दगड फुटले. ते दृश्य बघून फार वाईट वाटलं. हे काम माणसांच्या हातांनी, घमेल्यांनी करायचं असतं.

पितृपक्षानंतर बाणगंगेत मासे मेल्याच्या बातम्या वारंवार येतात. ३० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पिंड, पीठ, फुलं कुजवताना जीवाणू तो वापरतात, रात्री शेवाळही प्राणवायू घेतं, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून तडफडतात. पिंड पाण्याला नुसते लावून काठावरच्या कुंडात ठेवले तर विधीही होतो आणि मासेही वाचतात. तेवढी तयारी भाविकांनी दाखवावी असं मला वाटतं.

गावात किंवा शहरात कुणी अशा तळ्याचं काम हाती घेणार असेल, तर आधी एक पूर्ण पावसाळा आणि उन्हाळा नुसतं मोजावं. लागतं काय, तर एक टेप आणि पाण्यातले क्षार मोजणारा, काहीशे रुपयांचा टीडीएस मीटर. उन्हाळ्यात वाफेने दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी जातं. तळं त्याहून वेगाने उतरत असेल आणि शेजारच्या विहिरींची पातळी त्याच्या खाली असेल, तर ते विहिरींना पाणी देतं आहे. मे महिन्यात क्षार चढत असतील, तर जवळपास कुठेतरी उपसा जास्त आहे. पहिल्या पावसाबरोबर पातळी लगेच वाढली तर पाणी वरून वाहून आलेलं आहे, आणि आठ-पंधरा दिवसांनी सावकाश वाढली तर ते वरच्या सड्यावर मुरून आलेलं आहे. असं असेल तर टाक्याच्या पायऱ्यांआधी त्या सड्याकडे जावं, आणि त्याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे हे तलाठ्याकडे बघून घ्यावं, कारण चिरेखाणीचा परवाना त्याच जमिनीसाठी मागितला जाईल.