बिनतारी मॉडेल रेल्वे नियंत्रकांतील सेल व चार्जिंग

मॉडेल रेल्वेच्या डिजिटल (डीसीसी) पद्धतीत गाडीचा वेग, दिशा, दिवे आणि शिट्टी हातातल्या छोट्या नियंत्रकावरून चालवता येतात. हा नियंत्रक रेडिओ किंवा वायफायने मुख्य केंद्राशी (रुळांवर आज्ञा पाठवणाऱ्या यंत्राशी) जोडलेला असेल, तर त्याला वीज स्वतःच्या सेलांतूनच घ्यावी लागते आणि सेल किती वेळ पुरतो हा त्याच्या वापरातला कळीचा प्रश्न ठरतो. तारेने जोडलेल्या नियंत्रकाला केंद्राकडूनच वीज मिळत असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

डिजिट्रॅक्स कंपनीचा डीटी४०२ हा नियंत्रक चौकोनी ९ व्होल्टच्या सेलावर चालत असे, तर नंतरचा डीटी६०२ दोन पेन्सिल सेलांवर चालतो. या बदलामागचे गणित साधे आहे. ९ व्होल्टच्या अल्कलाइन सेलाची क्षमता साधारण ५०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे ऊर्जा सुमारे ४.५ वॉट-तास असते. त्याउलट प्रत्येकी २,००० मिलिअँपिअर-तासांच्या दोन निकेल-मेटल हायड्राइड पेन्सिल सेलांत ४.८ वॉट-तास मावतात आणि ते सेल शेकडो वेळा चार्ज करता येतात. चार्ज होणारे ९ व्होल्टचे सेलही मिळतात. पण त्यांची क्षमता बहुधा २०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असल्याने क्लबमधल्या लांबलेल्या संध्याकाळी त्यांच्या भरवशावर राहणे कठीणच.

निकेल-मेटल हायड्राइड सेलाचा दाब १.५ नव्हे, तर १.२ व्होल्ट असतो आणि तो बराच वेळ जवळजवळ स्थिर राहून शेवटी एकदम घसरतो. त्यामुळे अल्कलाइन सेल गृहीत धरून बनवलेला चार्ज-दर्शक, सेल भरलेला असतानाही, ‘कमी’ दाखवतो किंवा खरा इशारा फार उशिरा देतो. काही नियंत्रकांत सेलाचा प्रकार निवडण्याची सोय असते. ती वापरलेली बरी. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये, कारण दुबळा सेल आधी रिकामा होऊन उलट्या दिशेने चार्ज होऊ लागतो आणि कायमचा खराब होतो.

ईएसयू कंपनीच्या मोबाइल कंट्रोल २ सारख्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या नियंत्रकांत लिथियम-आयन बॅटरी असते. मोठा पडदा आणि सततचे वायफाय यांमुळे त्यांची विजेची भूक साध्या रेडिओ नियंत्रकापेक्षा बरीच जास्त असते. जुना मोबाइल नियंत्रक म्हणून वापरतानाही पडद्याचा उजेड कमी केल्याचा फायदा लगेच जाणवतो. अशा बॅटरीचे चार्जिंग गोठणबिंदूखालच्या तापमानात करू नये. थंड देशांत ज्यांचा रेल्वेमार्ग बागेत किंवा न तापवलेल्या गॅरेजमध्ये आहे, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

सेल मध्येच संपला की गाडी थांबतेच असे नाही. केंद्र शेवटची आज्ञा रुळांवर पुन्हापुन्हा पाठवत राहते, त्यामुळे गाडी त्याच वेगाने पुढे धावते. तारेचा नियंत्रक एका ठिकाणाहून काढून दुसरीकडे लावेपर्यंत गाडी चालू राहावी म्हणून जी गोष्ट सोयीची, तीच बिनतारी वापरात धोक्याची ठरते. जेएमआरआय या मॉडेल रेल्वेसाठीच्या मुक्त संगणक प्रणालीत वायफाय नियंत्रकांसाठी वायथ्रॉटल ही सेवा असते; तिच्यात त्यावर उपाय आहे: नियंत्रकाकडून ठराविक सेकंदांत खूण आली नाही, तर सेवा इंजिनाला थांबण्याची आज्ञा देते. ही सोय नसलेल्या मांडणीत तारेने जोडता येणारा एक नियंत्रक हाताशी ठेवणे शहाणपणाचे. डिजिट्रॅक्सचे रेडिओ नियंत्रक लोकोनेटच्या (नियंत्रक व केंद्र जोडणाऱ्या त्यांच्या तारांच्या जाळ्याच्या) खोबणीत लावले की तिथूनच वीज घेतात, त्यामुळे सेल बदलेपर्यंत गाडी ताब्यात राहते.

महिनोन्‌महिने वापर नसेल, तर अल्कलाइन सेल काढून ठेवावेत. त्यांतून गळणारा पोटॅशियम हायड्रॉक्साइड धातूचे संपर्क खाऊन टाकतो.