लेझी रिव्हर

लेझी रिव्हर : सुटीच्या रिसॉर्टांत व जलोद्यानांत बांधलेला, वळसा घेऊन पुन्हा स्वतःलाच मिळणारा उथळ कालवा. त्यातील पाणी पंपांच्या जोरावर संथपणे एकाच दिशेने फिरत राहते आणि माणसे हवा भरलेल्या ट्यूबवर रेलून त्याच्यासोबत वाहत जातात. मराठीत इंग्रजी नावच रूढ आहे. जपानीत यास ‘नागारेरु पूल’, म्हणजे वाहता तलाव, असे म्हणतात व रचनेच्या दृष्टीने तेच अधिक अचूक होय. कारण नदीचे मूळ लक्षण जो उतार, तो येथे मुळीच नसतो.

उगम : याबाबत दोन मते आहेत. अमेरिकी लेखनात या प्रकाराचा आरंभ सामान्यतः 1970 नंतरच्या दशकात धरला जातो. जॉर्ज मिले यांनी 1977 मध्ये फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथे सुरू केलेले ‘वेट अन् वाइल्ड’ हे पहिले आधुनिक जलोद्यान मानले जाते. पाठोपाठ 1979 मध्ये टेक्ससमधील न्यू ब्राउनफेल्स येथे ‘श्लिटरबान’ उघडले व त्याने शेजारच्या कोमल नदीचेच पाणी वापरले. ही नदी झऱ्यांतून निघते, तिची लांबी सु. 4 किमी. व पाण्याचे तापमान वर्षभर सु. 22° से. असते. मोटारीच्या ट्यूबवर बसून तीत तरंगण्याचा छंद त्या परिसरात रुळलेला होता आणि लेझी रिव्हर ही त्याचीच बांधीव आवृत्ती, असे हे मत आहे.

दुसरे मत जपानचे. टोकियोतील तोशिमाएन या उद्यानात (स्थापना 1926, बंद 2020) वाहता तलाव 1965 मध्ये सुरू झाला व तो जगातील पहिला असल्याचे सांगितले जाते. या वादाचा निकाल बराचसा व्याख्येवर अवलंबून आहे. ट्यूबवरचा निवांत प्रवास हे मुख्य लक्षण मानले, तर टेक्ससच्या नद्यांकडे बोट दाखवावे लागते. यंत्राने फिरवलेले बंदिस्त पाणी हे मानले, तर तोशिमाएनचा दावा बळकट ठरतो. प्रस्तुत नोंदीत दुसरे लक्षण ग्राह्य धरले आहे. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील श्टार्नबेर्क सरोवराकाठी 1905 च्या सुमारास सुरू झालेल्या ‘उंडोसा’ लाटातलावापर्यंत काहीजण हा इतिहास मागे नेतात. पण तेथे यंत्राने लाटा उठत, पाणी फिरत नसे. म्हणून तो पूर्वज वेगळ्या शाखेचा समजावा.

प्रवाहाचे तंत्र : कालव्याची खोली सु. 0.9 ते 1.1 मी., रुंदी 3 ते 5 मी. व वेग सेकंदाला सु. 0.6 ते 0.9 मी. असतो. उदाहरणार्थ, 300 मी. लांब, 4 मी. रुंद व 0.9 मी. खोल कालव्यात सु. 1,080 घ. मी. पाणी मावते. सेकंदाला 0.6 मी. वेगाने त्याचा फेरा आठ मिनिटांपेक्षा थोड्या जास्त वेळात पुरा होतो आणि कोणत्याही छेदातून सेकंदाला सु. 2.2 घ. मी. पाणी पुढे सरकते. एवढे सगळे पाणी पंपातून नेणे परवडणारे नाही व त्याची गरजही नाही. पंप थोडेच पाणी ओढून घेतात आणि ते भिंतीतील किंवा तळातील तोट्यांतून जोरदार झोताने प्रवाहाच्या दिशेने सोडतात. हा झोत आपला संवेग भोवतालच्या पाण्याला देतो व सारा कालवा चालू लागतो.

गुळगुळीत काँक्रीटसाठी मॅनिंगचे सूत्र (कालव्यातील वेग, उतार व भिंतींचा खडबडीतपणा यांचा संबंध सांगणारे) लावल्यास वरील उदाहरणात पूर्ण फेऱ्यातील घर्षणाची हानी केवळ 3 ते 4 सेंमी. पाणीपातळीइतकी येते, म्हणजे तत्त्वतः एक किलोवॉटहूनही कमी शक्ती पुरावी. प्रत्यक्षात झोत मिसळताना बरीच ऊर्जा वाया जाते, वळणे व पायऱ्या भर घालतात आणि उभी माणसे तर प्रवाहात खांबांसारखी अडसर होतात. त्यामुळे पंप कितीतरी पटींनी मोठे बसवावे लागतात.

वळणांचा प्रश्न विशेष लक्षणीय आहे. 8 मी. त्रिज्येच्या वळणावर बाहेरच्या कडेचे पाणी आतल्या कडेपेक्षा सु. 2 सेंमी. उंच राहते. शिवाय पृष्ठावरचे पाणी बाहेर व तळाचे आत अशी आडवी चक्राकार गती निर्माण होते. खऱ्या नदीत हीच गती बाहेरचा काठ खचवते. येथे ती ट्यूबना बाहेरच्या भिंतीला नेऊन चिकटवते. तोट्यांच्या जागा ठरवताना याचा विचार करावा लागतो.

माणसे उतरल्याने पाणी वाढते, तेही हिशेबात धरावे लागते. सरासरी 70 किग्रॅ. वजनाची 200 माणसे सु. 14 घ. मी. पाणी सारतात व पातळी सु. 1.2 सेंमी. चढते, हे पाणी सामावण्यासाठी समतोल टाकी असते. गाळणीचे अभिसरण प्रवाहाच्या पंपांपासून स्वतंत्र ठेवतात.

प्रसार : रिसॉर्टांतील भव्य तलावांची लाट हवाई बेटांत आली. तेथील वायकोलोआ येथील हॉटेल 1988 मध्ये 36 कोटी डॉलर खर्चून उभे राहिले. त्यात कालवे व नावा होत्या. फ्लॉरिडातील ‘टायफून लगून’ (1989) व ‘ब्लिझर्ड बीच’ (1995) या जलोद्यानांनी लेझी रिव्हर उद्यानाभोवतीच गुंडाळली, त्यामुळे ती वाहतुकीचा मार्गही बनली. बहामातील व दुबईतील (2008) ‘अटलांटिस’ या रिसॉर्टांत तिच्यात लाटा व वेगवान टप्पे आले. दुबईच्या जलमार्गाची लांबी 2.3 किमी. सांगतात. तेथे ‘लेझी’ हे विशेषण पुरतेसे लागू पडत नाही.

रिसॉर्टांतील न वाहणाऱ्या तलावांत आकाराने सर्वांत गाजलेला तलाव चिलीतील आल्गारोबो येथील ‘सान आल्फोन्सो देल मार’ (2006) या रिसॉर्टाचा : लांबी 1,013 मी., क्षेत्र सु. 8 हेक्टर, पाणी सु. 2,50,000 घ. मी., तेही पॅसिफिक महासागरातून घेतलेले. त्याची खोली पुष्कळ ठिकाणी 35 मी. छापली जाते. ती चूक आहे. क्षेत्रफळाने भागल्यास सरासरी खोली 3 मी.च्या आसपासच येते. सिंगापूरच्या ‘मरीना बे सँड्स’ या हॉटेलावरील (2010) 150 मी. लांबीच्या तलावाची कड दिसत नाही, कारण पाणी तिच्यावरून सांडून खालच्या पन्हळीत पडते व पंपाने परत येते.

सुरक्षा : शोषमुखाशी (पंप पाणी ओढून घेतो त्या तोंडाशी) केस वा अवयव ओढले जाण्याचा धोका असतो. अमेरिकेत 2007 मध्ये यासंबंधी कायदा होऊन सुरक्षित झाकणे सक्तीची झाली. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरिनयुक्त पाण्यातही आठवड्याहून अधिक टिकू शकतो. म्हणून जंबुपार किरण वा ओझोन यांची जोड देतात. जीवरक्षकांची मोठी अडचण मात्र दृष्टीची आहे. पूल, गुहा व वळणे यांमुळे प्रवाहाचा सलग भाग दिसत नाही आणि गर्दीत ट्यूबांची दाटी पृष्ठभाग झाकून टाकते. ट्यूबमधून निसटलेले मूल त्यांखाली गेल्यास वरून दिसत नाही, म्हणून कालवा उथळ असूनही रक्षकांची ठाणी थोड्याथोड्या अंतरावर ठेवावी लागतात.