वितरक बदलला की स्ट्रीम शून्यावर येतात?

स्वतंत्र संगीतकारांमध्ये एक समज घट्ट बसला आहे: एकदा ज्या वितरण सेवेमार्फत (म्हणजे स्पॉटिफायसारख्या मंचांवर गाणी पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत) गाणं टाकलं, तिलाच धरून राहायचं, सेवा बदलली की स्ट्रीमचा, म्हणजे गाणं किती वेळा ऐकलं गेलं त्याचा, आकडा शून्यावर येतो. या भीतीपोटी अनेक जण नकोशा सेवेला वर्षानुवर्षं पैसे भरत राहतात.

प्रत्यक्षात आकडा वितरकाला चिकटलेला नसतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. तो वितरकाने दिलेला असला तरी ओळख ध्वनिमुद्रणाचीच राहते. नव्या सेवेकडे गाणं देताना तोच क्रमांक, तीच ऑडिओ फाइल, तेच शीर्षक आणि कलाकाराचं नाव अगदी तसंच द्या (स्पेलिंगसुद्धा!), म्हणजे स्पॉटिफायसारखे मंच जुना आकडा नव्या प्रतीला जोडतात. घोटाळा होतो तो नवा क्रमांक घेतल्यावर किंवा जाता जाता मिक्स 'जरा सुधारल्यावर'.

क्रमही महत्त्वाचा. आधी नवी प्रत प्रसिद्ध होऊ द्या, आकडे जुळलेले पाहा, मगच जुनी काढायला सांगा. यूट्यूबच्या कंटेंट आयडीवरचा (व्हिडिओंमध्ये वापरलेली गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेवरचा) जुन्या वितरकाचा दावा सोडवून घ्यायला विसरू नका, नाहीतर दोन्ही सेवा एकाच गाण्यावर हक्क सांगत बसतील. प्लेलिस्टमधली जागा मात्र टिकेलच याची हमी नाही.

खरी जोखीम वेगळीच आहे. वार्षिक वर्गणीच्या काही सेवा वर्गणी थांबली की गाणी उतरवतात. तिथे गाणं खरोखरच गायब होतं. म्हणून सेवा निवडताना कमाईतल्या टक्केवारीच्या जाहिरातीआधी बाहेर पडण्याच्या अटी वाचा.