स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या स्थानिक डेटाबेसची पार्श्वभूमी

इथेरियम या ब्लॉकचेनचे, म्हणजे व्यवहारांच्या साखळीसारख्या सामायिक नोंदवहीचे, मुख्य जाळे 30 जुलै 2015 रोजी सुरू झाले आणि त्यावरील प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट (आपोआप चालणारा प्रोग्राम) कोणालाही पाहता येते, असे तेव्हापासून सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. सॉलिडिटी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला सोर्स कोड साखळीवर जातच नाही. तिथे असते ते कंपायलरने तयार केलेले बाइटकोड, म्हणजे यंत्राला चालवता येणारे रूप. वाचता येण्याजोगा कोड लेखकाने स्वतःहून जाहीर केला, आणि तो पुन्हा कंपाइल करून साखळीवरील बाइटकोडशी जुळला, तरच इथरस्कॅनसारख्या, साखळीवरील नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच्यावर ‘पडताळलेला’ असा शिक्का बसतो.

कॉन्ट्रॅक्टांचा कोड आपल्याजवळ एकत्र ठेवणाऱ्या साठ्याची, म्हणजेच स्थानिक डेटाबेसची, निकड 17 जून 2016 रोजी सर्वांच्या लक्षात आली. ‘द डीएओ’ या सामूहिक गुंतवणूक-निधीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये खात्यातील शिल्लक कमी करण्याआधीच रक्कम पाठवली जात असे, आणि तेवढ्या फटीतून सुमारे 36 लाख ईथर (इथेरियमचे चलन) बाहेर काढले गेले. असाच दोष आणखी किती ठिकाणी दडला आहे, हे सुटी कॉन्ट्रॅक्ट तपासून कळणार नव्हते. त्याच वर्षी सिंगापूरमधील संशोधकांनी ‘ओयेंटे’ हे दोष शोधणारे साधन 19,366 कॉन्ट्रॅक्टांच्या बाइटकोडवर चालवले, तेव्हा त्यांपैकी 8,833 संशयास्पद ठरली.

मात्र कॉन्ट्रॅक्ट गोळा करणे वाटते तितके सरळ नाही. वापरकर्त्याने थेट चढवलेल्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता व्यवहाराच्या पावतीत सापडतो, पण एका कॉन्ट्रॅक्टने जन्माला घातलेले दुसरे कॉन्ट्रॅक्ट त्या पावतीत दिसत नाही. त्यासाठी व्यवहार पुन्हा चालवून त्याचा माग काढावा लागतो. गूगलने 2018 मध्ये इथेरियमची माहिती बिगक्वेरी या आपल्या डेटा-सेवेवर खुली केली, तेव्हा पत्त्यांची यादी मिळवण्याचा हा त्रास पुष्कळ कमी झाला. त्या यादीच्या आधारे झालेल्या एका अभ्यासात सुमारे 9 लाख 73 हजार कॉन्ट्रॅक्टांचा सोर्स कोड हाती आला, पण नकला वगळल्यावर उरली फक्त 47,518. नकला न काढता मांडलेली सदोष कॉन्ट्रॅक्टांची टक्केवारी बहुधा एकाच टोकनच्या (डिजिटल नाण्याच्या) साच्याची लोकप्रियता मोजत असते, असे माझे मत आहे.

नोव्हेंबर 2017 मध्ये पॅरिटी वॉलेट या ईथर ठेवण्याच्या डिजिटल पाकिटाचे सामायिक लायब्ररी-कॉन्ट्रॅक्ट (ज्याचा कोड इतर कॉन्ट्रॅक्ट वापरतात ते) नष्ट झाले आणि त्यावर विसंबलेल्या वॉलेटांतील पाच लाखांहून अधिक ईथर अडकले. त्या वॉलेटांचा स्वतःचा कोड जागेवरच होता. गेला तो त्यांचा आधार. म्हणून साठ्यात कोडबरोबर कोण कोणावर अवलंबून आहे याचीही नोंद लागते, आणि पुढे प्रॉक्सींचा, म्हणजे आलेले काम दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या कोडकडे सोपवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टांचा, प्रसार झाल्यावर तर ती टाळताच येईना.

पत्ता हीदेखील पुरेशी ओळख नाही. 2019 मध्ये आलेल्या ‘क्रिएट2’ आज्ञेमुळे, नष्ट केलेल्या कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्यावर वेगळा कोड पुन्हा चढवता येऊ लागला, त्यामुळे पत्त्याला ब्लॉक (साखळीतील व्यवहारांचा गठ्ठा) क्रमांकाची जोड द्यावी लागली. मार्च 2024 च्या बदलानंतर कॉन्ट्रॅक्ट ज्या व्यवहारात निर्माण झाले त्याच व्यवहारात ते नष्ट करता येते, एरवी कोड तसाच राहतो. पण त्याआधी पुसल्या गेलेल्यांसाठी नोडला (जाळ्यातील संगणकाला) आजचा कोड विचारला तर उत्तर रिकामे येते आणि जुन्या ब्लॉकची स्थिती जपणारा आर्काइव्ह नोडच गाठावा लागतो.