भूतफेरी, हार्पर्स फेरी येथील

जुन्या गावातून अंधार पडल्यावर, माहीतगार वाटाड्याबरोबर तिकीट काढून केलेली पायी फेरी. वाटेतील घरे, गल्ल्या, चर्च व दफनभूमी यांच्याशी जोडलेल्या भुतांच्या गोष्टी हा तिचा धागा असतो, आणि त्या निमित्ताने गावाचा इतिहास सांगितला जातो. ब्रिटन व अमेरिका या देशांत ती ‘घोस्ट वॉक’ किंवा ‘घोस्ट टूर’ या नावांनी ओळखली जाते. प्रस्तुत नोंद अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हार्पर्स फेरी या गावापुरती आहे. गावाच्या नावातील ‘फेरी’ म्हणजे नदीपार नेणारी होडी. रॉबर्ट हार्पर याला ती चालवण्याचा परवाना १७६१ मध्ये मिळाला.

उगम : पहिली भूतफेरी कोणती, याविषयी एकवाक्यता नाही. इंग्लंडमधील यॉर्क शहरातील फेरी १९७३ पासून चालू असून तीच जगातील पहिली, असे तेथील परंपरा मानते. हार्पर्स फेरीची फेरी १९७० च्या आसपास सुरू झाल्याचे सांगितले जाते व ती अमेरिकेतील सर्वांत जुनी समजली जाते. दोन्ही तारखा मुख्यतः फेरी चालवणाऱ्यांच्याच सांगण्यावर आधारलेल्या आहेत, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या अंतरावरून निर्णय करणे धाडसाचे ठरेल. काही जण उगम याहून पुष्कळ मागे नेतात. १७६२ मध्ये लंडनच्या कॉक लेनमधील एका घरात भूत ‘ठोके देते’ अशी वदंता पसरली, तेव्हा तेथे लोटलेल्या गर्दीकडून पैसेही घेतले जात. मात्र तेथे एकाच घरी जाऊन थांबायचे असे. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ आणि वाटाड्या ही तीन अंगे मानली, तर ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील म्हणणेच अधिक सयुक्तिक वाटते.

गाव : पोटोमॅक व शेनांडोआ या नद्यांच्या संगमावर, चढणीवर वसलेले. वस्ती तीनशेच्या आत. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे सरकारी शस्त्रास्त्र कारखाना उभारण्यास सुरुवात झाली. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) गाव आठ वेळा या सैन्याकडून त्या सैन्याकडे गेले. पुढे पुरांनी खालची पेठ ओस पडत गेली. १९४४ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा व १९६३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

न्यूबीची कथा : गुलामगिरीविरोधी नेता जॉन ब्राउन याने १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री २१ साथीदारांनिशी या कारखान्यावर चाल केली. साथीदारांत पाच जण कृष्णवर्णीय होते. त्यांपैकी डेंजरफील्ड न्यूबी हा चाळिशीतला, गुलामीतून मुक्त झालेला गृहस्थ. त्याची पत्नी हॅरिएट व मुले मात्र व्हर्जिनियातच गुलाम होती. त्यांना विकत घेऊन सोडवण्याचे त्याचे प्रयत्न फसले होते. १७ तारखेच्या चकमकीत बंदुकीत गोळीऐवजी भरलेला लांब खिळा त्याच्या गळ्यात घुसला. हल्लेखोरांपैकी पहिला बळी तोच. जमावाने त्याचे कान कापून आठवण म्हणून नेले. प्रेत दुसऱ्या दिवसापर्यंत रस्त्यावर पडून राहिले व डुकरांनी त्याची विटंबना केली. त्या जागेलगतची गल्ली ‘हॉग अ‍ॅली’, म्हणजे डुकरांची गल्ली, म्हणून दाखवली जाते. नाव याच घटनेवरून पडले असे फेरीत सांगतात. त्या काळी गावोगाव डुकरे मोकाट हिंडत, त्यामुळे ते आधीचेही असू शकेल.

ढगळ विजार, खाली ओढलेली टोपी आणि गळ्यावर रुंद व्रण असलेला माणूस रात्री या गल्लीत दिसतो, अशी कथा आहे. हे न्यूबीचे भूत मानतात. न्यूबीच्या अंगावर हॅरिएटची पत्रे सापडली, हे मात्र निर्विवाद. ऑगस्ट १८५९ च्या पत्रात ती विनवते की, मला होईल तितक्या लवकर विकत घे. तू घेतले नाहीस तर दुसरा कोणी घेईल. पुढे तिला दक्षिणेत लुइझियानाकडे विकण्यात आले. ज्या फेरीत व्रणाचे वर्णन होते पण पत्राचा उल्लेख होत नाही, ती फेरी अपुरी आहे, असे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. न्यूबीसह आठ साथीदारांना शेनांडोआच्या काठी बेवारशासारखे पुरले होते. त्यांचे अवशेष १८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ एल्बा येथे, ब्राउनच्या थडग्याजवळ हलवण्यात आले.

इतर कथा : सेंट पीटर्स चर्चच्या पायऱ्यांवर प्राण सोडलेल्या जखमी सैनिकाची गोष्ट चर्च युद्धकाळात रुग्णालय होते, या स्मृतीला धरून आहे. रॉबर्ट हार्परच्या घरी त्याची पत्नी पुरलेल्या सोन्यावर नजर ठेवून असते, असे म्हणतात. ‘किंचाळणारी जेनी’ ही पेटलेल्या कपड्यांनिशी रुळांवर धावत गेलेली गरीब स्त्री. रेल्वे १८३४ मध्ये पलीकडच्या काठापर्यंत आली व पूल त्यानंतर झाला, तेव्हा ही कथा त्यापूर्वीची धरता येत नाही.

स्थाननिश्चिती : ब्राउनने अखेरचा आसरा घेतलेले कारखान्याचे अग्निबंबगृह फेरीत ‘येथेच’ म्हणून दाखवले, तर ते चूक ठरते. १८ ऑक्टोबरच्या सकाळी कर्नल रॉबर्ट ली याच्या हुकमतीखालील अमेरिकी मरीन सैनिकांनी ते फोडले. ती लहानशी विटांची इमारत पुढे उकलून १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी शिकागोला नेली. १८९५ मध्ये ती गावाबाहेरच्या शेतावर, १९०९-१० मध्ये गावातीलच स्टोरर कॉलेजच्या आवारात आणि १९६८ मध्ये खालच्या पेठेत आली. मूळ जागा रेल्वेच्या भरावाखाली गेली असून तेथे स्मारकस्तंभ आहे. आजची इमारत तिच्यापासून सु. ४५ मी. अंतरावर उभी आहे.

ही इमारत शेतावर असतानाच, ऑगस्ट १९०६ मध्ये, कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस व कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी लढणाऱ्या नायगारा चळवळीचे इतर प्रतिनिधी पहाटे गावातून तेथवर चालत गेले. मृतांच्या आठवणीसाठी या गावात निघालेल्या पदयात्रांपैकी ही एक महत्त्वाची; भूतफेरीच्या इतिहासात तिची क्वचितच दखल घेतली जाते. शेताजवळ पोहोचल्यावर त्यांनी जोडे-मोजे काढले, आणि पुढची वाट ते अनवाणी, एकामागून एक चालले.